सूचनेतून आलेले शहर



आपल्या खांदा कॉलनीत कोणालाही विचारा, हे शहर कोणी वसवले? उत्तर येईल, सिडकोने. उत्तर बरोबरच आहे. पण सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, आणि या शहराची कल्पना त्याच्याही पाच-सहा वर्षे आधीची. ती मंत्रालयात जन्मली नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' अशी जाहिरात असते ना, आपण भाजी निवडायला जो कागद घेतो त्यावर कितीदा तरी असते, तशा एका आवाहनाला तीन नागरिकांनी दिलेल्या उत्तरातून ती आली. आज त्या उत्तराची गोष्ट सांगायची आहे. आणि ते उत्तर लिहिताना ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांचीही.

साल १९६४. मुंबई महानगरपालिकेने शहराची प्रारूप विकास योजना तयार केली होती. १९५४ च्या नगररचना कायद्याने असा आराखडा करणे आणि त्यावर लोकांचे म्हणणे मागवणे पालिकेला बंधनकारक केले होते. लोकांचे म्हणणे म्हणजे बहुतेकदा काय येते, ते आपल्याला ठाऊक आहे. माझ्या घरावरून रस्ता जातोय, तो सरकवा. माझ्या प्लॉटवर बागेचे आरक्षण आहे, ते उठवा. यात गैर काही नाही, ज्याचे घर जाते तो बोलणारच. पण त्या वर्षी तिघांनी पूर्ण आराखडा वाचला आणि वेगळाच प्रश्न विचारला. मुंबई अशी उत्तरेकडे लांबतच राहिली तर काय होईल?

ते तिघे म्हणजे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल. नवी मुंबईची गोष्ट सांगताना पुरुषांची दोन नावे चटकन ओठांवर येतात आणि प्रवीणाताईंचे मागे राहते, म्हणून मुद्दाम ठासून सांगते. मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि पुढे अमेरिकेत शिकलेल्या त्या आपल्या देशातल्या सुरुवातीच्या स्त्री वास्तुरचनाकारांपैकी एक. तिघांचेही आपापले व्यवसाय चालू होते. शिरीष पटेल त्याच सुमारास केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल बांधत होते, जो १९६५ मध्ये सुरू झाला. या नव्या कामासाठी त्यांना कोणी नेमले नव्हते, कोणी फी देणार नव्हते. आपल्याला जे कळते ते शहराच्या कामी यावे, एवढ्यासाठी त्यांनी आपला वेळ दिला.

त्यांचे म्हणणे समजायला नकाशाचीही गरज नाही, लोकल डोळ्यांसमोर आणली तरी पुरे. मुंबई ही दक्षिणोत्तर लांबट पट्टी. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला, घरे सरकत सरकत उत्तरेला. सकाळी गर्दी एकाच दिशेला धावते, संध्याकाळी उलट. उत्तरेला आणखी घरे बांधली तर गर्दी आणि अंतर दोन्ही वाढणार. त्यापेक्षा बंदराच्या पलीकडे, मुख्य भूमीवर नवे शहर उभे करा, तिथेच कामधंदा न्या, म्हणजे शहराचे तोंड पूर्वेला वळेल. पालिकेच्या आराखड्याला खाडीपलीकडे पाहताच येत नव्हते, कारण पालिकेची हद्द तिथे संपत होती. या तिघांना हद्दीचे बंधन नव्हते. सामान्य नागरिकाच्या सूचनेत कधी कधी अधिकाऱ्याच्या टिप्पणीपेक्षा जास्त मोकळीक असते, ती अशी.

सूचना देऊन ते घरी बसले नाहीत. जून १९६५ मध्ये मुल्कराज आनंद संपादित 'मार्ग' या नियतकालिकाचा एक अंक मुंबईच्या नियोजनावर निघाला आणि ही कल्पना लोकांपुढे आली. त्याच वर्षी राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबईची वाढ मुख्य भूमीकडे वळवावी आणि प्रदेशाचा एकत्र विचार करावा, अशा दिशेने त्या समितीने कौल दिला. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा झाला, पुढच्या वर्षी मुंबई प्रदेशासाठी नियोजन मंडळ आले, आणि १९७० मध्ये सिडको. कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले, पटेलांनी नियोजनाची आणि बांधकामाची बाजू पाहिली. अर्जाचा कागद लिहिणारी माणसे सहा वर्षांत ते शहर उभारायला बसली. लोकसहभागाच्या इतिहासात असे फार वेळा घडलेले नाही.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे. आता तिची दुसरी बाजू.

शहर उभारायला पैसा कुठून आणायचा? सरकारच्या तिजोरीत तो नव्हता. त्यावर या तज्ज्ञांनी जे गणित मांडले, ते कोणत्याही घर चालवणाऱ्या बाईला लगेच कळेल. जमीन शेतीच्या भावाने घ्यायची. तिच्यावर रस्ते, पाणी, गटारे करायची. मग तीच जमीन शहराच्या भावाने विकायची, आणि मधल्या फरकातून पुढचे रस्ते, पुढचे पाणी, गरिबांची घरे. जमिनीची वाढलेली किंमत एखाद्या बिल्डरच्या खिशात जाण्याऐवजी सगळ्यांच्या कामी यावी, हा विचार चांगलाच होता. पण गणिताची पहिली ओळ पुन्हा ऐका. जमीन शेतीच्या भावाने घ्यायची. कोणाची?

ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची. शहराचे एकूण क्षेत्र ठरले ३४४ चौरस किलोमीटर. त्यात सरकारी जमीन होती, मिठागरे होती, आणि फार मोठा हिस्सा आगरी, कोळी, कराडी कुटुंबांच्या भातशेतीचा होता. आपल्या कॉलनीला जे नाव आहे ते खांदा गावाचे. धाकटा खांदा, मोठा खांदा ही गावे इथे इमारतींच्या कितीतरी आधीपासून आहेत. शहराच्या आखणीत गावठाणे जागेवर ठेवली गेली, त्यांच्या भोवतालची शेते गेली. गावातली घरे राहिली, पण घरात येणारे भात ज्या जमिनीतून यायचे ती जमीन राहिली नाही.

या गावांना कोणी विचारले होते का? संपादनाची नोटीस निघाल्यावर हरकत नोंदवता येते, तशी कागदोपत्री सोय होती. पण नोटीस हातात पडली तेव्हा इथे शहर होणार हे ठरून गेलेले होते. शेतकऱ्याशी बोलायला उरला होता तो फक्त भाव. १९६४ मध्ये मुंबईकरांना 'तुमच्या शहराचे काय व्हावे?' असे विचारले गेले. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या मातीवर उतरणार होते, त्या मातीतल्या माणसाला तो प्रश्न कधी विचारलाच गेला नाही. आणि ज्या कंपनीच्या हाती शहर दिले, त्या सिडकोचे संचालक सरकार नेमते, लोक निवडून देत नाहीत. त्यामुळे नंतरही दाद मागायची तर मतपेटीतून मागता येत नव्हती.

मग गावांच्या बाजूने एक वकील उभा राहिला. दिनकर बाळू पाटील, सगळ्यांचे दि. बा. जासईच्या शेतकरी घरात १९२६ मध्ये जन्मलेले, वकिलीचे शिक्षण घेतलेले, पनवेलचे पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार. तेही शिकलेले व्यावसायिकच. पण त्यांच्या ज्ञानाचे तोंड दुसऱ्या बाजूला होते. कायद्यातली संपादनाची भाषा त्यांनी शेतात राबणाऱ्या माणसाच्या भाषेत आणली. मोबदला ही मेहेरबानी नाही, आणि विकासानंतर जमिनीची जी किंमत वाढते तिच्यात मूळ मालकाचाही वाटा आहे, हा त्यांच्या लढ्याचा गाभा होता. सिडकोच्या गणितातला जो 'मधला फरक', त्यातलाच हा वाटा मागणे होते.

हा लढा अर्जांनी सुटला नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई, दास्तान फाटा आणि नवघर परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांत बायकाही होत्या. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. दर वर्षी जानेवारीत या हुतात्म्यांना तिथे अभिवादन केले जाते. पुढे सरकारने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आणली. १९९० मध्ये निर्णय झाला, १९९४ मध्ये तो सुधारला. आज आपल्या आजूबाजूच्या कितीतरी सोसायट्या 'साडेबारा टक्क्यां'च्या भूखंडांवर उभ्या आहेत. फ्लॅट घेताना कागदांत तो शब्द आपण वाचतो, दलालाकडून ऐकतो, आणि त्यामागे पाच माणसांचे प्राण आहेत हे विसरून जातो. विमानतळासाठी जमीन घेताना हाच वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. विचारायचे राहिले होते, त्याची ही पुढे भरलेली किंमत.

म्हणून तिघांना दोषी ठरवायचे का? मला तसे वाटत नाही. त्यांनी स्वतःचा फायदा पाहिला नव्हता, आणि त्यांच्याही काही अपेक्षा सरकारने पुऱ्या केल्या नाहीत. राज्याची मुख्य कार्यालये खाडीपलीकडे यावीत, म्हणजे नोकऱ्या मागोमाग येतील, असे त्यांना वाटत होते. तसे झाले नाही. उलट मुंबईच्या दक्षिण टोकाला समुद्रात भराव घालून नवे टॉवर उभे राहिले. माणसे दोष देण्याजोगी नव्हती. उणीव होती ती पद्धतीत. लोकसहभाग म्हणजे जाणकारांनी सरकारला दिलेला सल्ला, एवढाच त्या काळी त्याचा अर्थ होता.

नेमक्या त्याच वर्षांत जगात दुसरीकडेही हाच प्रश्न विचारला जात होता. अमेरिकेत सरकारी गृहनिर्माण खात्यात काम केलेल्या शेरी आर्नस्टाइन नावाच्या बाईंनी १९६९ मध्ये एक लेख लिहिला आणि लोकसहभागाला शिडीची उपमा दिली. शिडीला आठ पायऱ्या. अगदी खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसते गुंडाळले जाते, समजूत घातली जाते. मधल्या पायऱ्यांवर माहिती दिली जाते, मत विचारले जाते, एखादी जागा देऊन गप्प केले जाते. वरच्या पायऱ्यांवर लोक भागीदार होतात आणि शेवटी निर्णय त्यांच्या हाती येतो. मत विचारले म्हणजे सत्ता दिली असे होत नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. पुढे १९९० मध्ये या कामातल्या व्यावसायिकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. माहिती देणे, मत घेणे, सामील करणे, बरोबरीने काम करणे आणि निर्णय सोपवणे, अशा पाच टप्प्यांची तिची मांडणी आज अनेक देशांत वापरतात. आपल्या गावात कुठलीही बैठक झाली की मनात विचारून पाहावे, आपण आत्ता कुठल्या पायरीवर उभ्या आहोत?

वरच्या पायरीचे उदाहरण शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही. ज्या गाडगीळांच्या समितीने मुंबईची वाट मुख्य भूमीकडे दाखवली, त्याच गाडगीळांनी त्याआधी अहिल्यानगर जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, वेगळे काम केले होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा हा संचालक लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर बसला, आणि शेतकऱ्यांच्या मालकीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. सुरुवातीच्या वर्षांत कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांनीच सांभाळले. तिथे शेतकरी हा सभासद होता, भागधारक होता. हिशेब त्याच्यासमोर मांडला जायचा. इथे पनवेल-उरणमध्ये शेतकऱ्याची जमीन हा हिशेबातला एक आकडा झाली. ज्ञान दोन्हीकडे होते, हेतू दोन्हीकडे चांगला होता. तिथला शेतकरी हिशेब मांडणाऱ्यांत बसला होता आणि इथला नव्हता, एवढाच फरक.

आता अलीकडचे पाहू. मुंबईची २०३४ पर्यंतची प्रारूप विकास योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पन्नास वर्षांपूर्वी तिघांनी वाचला होता तसाच हा जाड दस्तऐवज, पण या वेळी तो वाचायला बसलेली माणसे पुष्कळ होती. वास्तुरचनाकार, नियोजनकार, वकील, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते वस्त्यांमध्ये गेले. रंग कशाचे आहेत, आरक्षण कुठे आहे, आपली गल्ली नकाशात आहे की नाही, हे त्यांनी लोकांना दाखवले. चुका पुष्कळ निघाल्या. साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना गेल्या आणि त्याच एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडा बाजूला ठेवून दुरुस्तीचा आदेश दिला. तज्ज्ञांनी लोकांच्या वतीने लिहिले नाही, लोकांना लिहिते केले, हे या वेळचे वेगळेपण.

यात बायकांचे काम विशेष आहे. महिला संघटना आणि स्त्री नियोजनकार यांनी एकत्र बसून विचारले, या आराखड्यात बाई कुठे आहे? नोकरीसाठी आलेली मुलगी राहणार कुठे, मूल ठेवणार कुठे, संकटात सापडली तर जाणार कुठे? २०१८ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत नोकरदार स्त्रियांसाठी निवास, पाळणाघरे आणि कौशल्य शिक्षणासह 'आधार केंद्र' यांच्या तरतुदी आल्या. तरतूद कागदावर आली म्हणजे इमारत उभी राहिली असे नव्हे. पण कागदावर जे नाही ते मागायलाही आधार नसतो.

आता आपल्याकडे येऊ. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महानगरपालिका झाली. जुने पनवेल, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावे एका छताखाली आली. मे २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ जागा होत्या, कायद्याप्रमाणे त्यांतल्या निम्म्या स्त्रियांसाठी होत्या, आणि पहिल्या महापौर झाल्या डॉ. कविता चौतमोल, व्यवसायाने डॉक्टर. गावठाणातली बाई आणि टॉवरमधली बाई आता एकाच महापालिकेच्या मतदार आहेत. १९७० मध्ये नव्हती ती सोय आज आहे.

सोयी आणखीही आहेत. १९६६ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप विकास योजना जाहीर करावीच लागते आणि दिलेल्या मुदतीत कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते. त्यासाठी जमिनीचा मालक असावे लागत नाही. ज्याने सूचना दिली त्याला समितीपुढे जाऊन बोलायची संधी मागता येते. महापालिकांच्या प्रभाग समित्यांवर स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ही दारे उघडी असतात, पण दाराची पाटी अशा भाषेत असते की सामान्य माणूस बाहेरूनच परत फिरतो.

इथेच आपल्यातल्या जाणकार बायकांची गरज आहे. या कॉलनीत अभियंत्या आहेत, वकील आहेत, परिचारिका, शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत. महाविद्यालयात शिकवणाऱ्या आहेत. अशी जाहिरात आली की एखाद्या शनिवारी दुपारी नकाशाची प्रत सोसायटीच्या सभागृहात पसरावी. अभियंतीने रंगांचा अर्थ सांगावा, वकील मैत्रिणीने अर्जाचा मसुदा करावा, शिक्षिकेने तो सोप्या मराठीत उतरवावा. आणि त्या दुपारी खांदा गावातल्या, आसूडगावातल्या बायकांना पहिले बोलावणे जावे. इथला ओढा पावसाळ्यात कुठून वाहायचा, हे त्यांच्याइतके कोणत्याही नकाशाला ठाऊक नाही. घरकामाला येणारी बाई कुठल्या रस्त्याने अंधारात चालत जाते, तिलाही विचारावे. तिची सूचना तिच्याच नावाने जावी, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने.

तिघा जाणकारांच्या एका सूचनेने आपल्याला राहायला शहर दिले, आणि गावांनी न विचारता घेतलेल्या निर्णयाची किंमत मोजून त्या शहराला न्याय म्हणजे काय ते शिकवले. दोन्ही वारसे आपलेच आहेत. आता वर्तमानपत्रात ती बारीक अक्षरातली जाहिरात दिसली, तर भाजी निवडण्याआधी ती कापून ठेवा. शेवटच्या तारखेखाली लाल रेघ मारा आणि शेजारणीला दाखवा.